खुर्चीचा खटका

११ जानेवारी

आज दुपारी आमची दहा महिन्यांची टिली खुर्चीसकट पडली.

हॉस्पिटलमधल्या नर्सबाई म्हणाल्या, आठवतंय तोवर लिहून ठेवा, पुढे लोक विचारतील. म्हणून लिहितोय. एरवी मी लिहिणाऱ्यातला नव्हे. दुधाचा टँकर चालवतो. पहाटे निघायचं, गोठ्यागोठ्यातून दूध घ्यायचं, चीजच्या कारखान्यात रिकामं करायचं आणि दुपारच्या आत घरी. माझी बायको कॉरिन दातांच्या दवाखान्यात कामाला जाते. सकाळी टिली शेजारच्या मिसेस शाँग यांच्याकडे असते. मी आलो की तिला घरी आणतो आणि जेवू घालतो.

आज भोपळा उकडून कुस्करला होता. टिलीला तिच्या उंच खुर्चीत बसवलं, पट्टे लावले. ते पक्कं आठवतंय. टेबलाला पाय लावून मागे रेटायचं, हा तिचा आवडता खेळ. मी वाटी घ्यायला ओट्याकडे वळलो आणि मागे आवाज झाला. खुर्चीचे पाय जागच्या जागी उभे होते. वरचा बसायचा भाग टिलीला घेऊन मागच्या मागे फरशीवर.

आधी ती रडलीच नाही. ते मला लिहवत नाही.

मग रडली. कवटीला बारीक चीर आहे, आपोआप भरून येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रात्री तिथेच ठेवून घेणार आहेत. कॉरिन कामावरच्या निळ्या कपड्यांतच धावत आली. टिली माझ्याकडे हात करत होती, पण मी तेव्हा डॉक्टरीणबाईंना सीट कशी निसटली ते समजावत होतो, म्हणून कॉरिनने घेतलं तिला.

१२ जानेवारी

मुलांची काळजी बघणाऱ्या खात्यातून मिस हॅलिगन आल्या होत्या. लहान मूल डोक्यावर पडलं की त्यांना यावंच लागतं म्हणे. बाई चांगल्या होत्या, पण प्रश्न टोकदार.

"सीट शेवटची कधी काढली होती?"

"परवा. धुवायला."

"परत कोणी बसवली?"

"मी."

"खटका बसल्याचा आवाज आला होता?"

"आला होता," मी म्हटलं.

आला होता का? नेहमी येतो. त्या दिवशी रेडिओ चालू होता. मी ताबडतोब 'आला होता' म्हणालो, कारण कॉरिन समोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते कळलं नाही.

१३ जानेवारी

मिस हॅलिगन यांनी 'अपघात' असं लिहून प्रकरण मिटवलं. टिलीला सोडलं. पण आठवडाभर सतत कुणाचं तरी लक्ष हवं, म्हणून कॉरिन तिला घेऊन ग्रीन बेला आईकडे गेली. गाडीने तासाभराची वाट. माझी सासू, बर्नाडीन, दिवसभर घरीच असते, तेव्हा बरोबरच आहे. मीही गेलो असतो, पण टँकर कोण चालवणार? आणि खुर्चीचा छडा लावायचाय. एकदा ते स्पष्ट झालं की सगळं पूर्वीसारखं होईल.

१७ जानेवारी

खुर्चीच्या कंपनीला फोन लावला. खूप वेळ बाजा ऐकवल्यावर एक तरुण बोलला. मी सगळी हकीकत सांगितली.

"सर, मुलगी कशी आहे आता?"

"ठीक आहे. तुमच्या खटक्याबद्दल बोला."

त्याने कुठून तरी वाचून दाखवलं, की सीट बसवताना 'खट्' असा आवाज येईपर्यंत दाबावी, अशी सूचना पुस्तिकेत आहे. अशी दुसरी तक्रार आमच्याकडे नाही. "सर, तुम्ही आवाज ऐकला होता का?"

जगातल्या प्रत्येकाला एवढंच विचारायचंय.

२१ जानेवारी

खुर्ची पुन्हा जोडली आहे. सीट दाबली की 'खट्' होतं. दहा वेळा दाबली, दहाही वेळा आवाज आला. मग त्या दिवशीच कसा येणार नाही? आणि आला असेल तर ती पडली कशी?

रविवारी ग्रीन बेला जायचं होतं. बर्फ होतं. टँकर त्याहून वाईट बर्फात चालवलाय, ते खरं. पण गेलो असतो तर पहिला प्रश्न तोच आला असता, आणि माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर घेऊनच जाईन.

३० जानेवारी

टिलीच्या वजनाएवढे बटाटे पोत्यात भरले, पोतं खुर्चीत बसवलं, पट्टे लावले आणि तिच्यासारखं टेबलाला रेटा देऊन हलवत बसलो. रोज कामावरून आलो की हेच. खटका धरून राहतो.

आज मिसेस शाँग मागच्या दाराने आल्या. चिकट भात आणि उकडलेली मोहरीची भाजी घेऊन आल्या होत्या. त्या लाओसच्या डोंगरातून इथे आल्या त्याला आता जन्म लोटला, पण आमच्या शेबॉयगन गावाच्या थंडीला अजून शिव्या घालतात. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकल्या.

"बटाट्यांना जेवू घालतोस?"

"तपासतोय, मिसेस शाँग. खटका तपासतोय."

"सात पोरं वाढवली मी. एकालाही खुर्ची नव्हती. पाठीवर बांधलं की झालं." मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "बाळ कधी येणार? माझी सकाळ जात नाही रे. हात रिकामे वाटतात."

"लवकरच," मी म्हटलं.

त्यांनी बटाट्यांच्या पोत्यावर हलकेच हात ठेवला आणि भात झाकून गेल्या.

६ फेब्रुवारी

दवाखान्याच्या ग्रीन बेमधल्या शाखेत कॉरिनला तात्पुरतं काम मिळालं. चांगलंच झालं, रजा वाया जाणार नाही. कपडे न्यायला ती आज येऊन गेली. टिलीला आणलं नव्हतं, तिला सर्दी आहे. मी कॉरिनला खुर्ची दाखवली, खटका कुठे बसतो, कुठून सुटू शकतो, सगळं समजावलं. ती कोट न काढता उभ्यानेच ऐकत होती.

"एव्हरेट, तुला झोप लागते का?" तिने मध्येच विचारलं.

"लागते. हे बघ, इथे प्लास्टिक जरा पातळ आहे."

ती टिलीचे उन्हाळी कपडेही घेऊन गेली. फेब्रुवारीत उन्हाळी कपडे! घाईत चुकून भरले असतील.

१३ फेब्रुवारी

आज गोठ्यावर शेतकरी क्लीटस मला म्हणाला, "एव्हरेट, त्या खुर्चीची गोष्ट आता गायींनाही पाठ झालीय. ती पांढऱ्या ठिपक्यांची तर तू दिसलास की पाठ फिरवते."

मी हसलो. नंतर टँकरमध्ये बसल्यावर लक्षात आलं, अलीकडे मी आलो की बरेचसे शेतकरी गोठ्याच्या आत काहीतरी कामाला लागतात.

२० फेब्रुवारी

निसटली! आज खटका निसटला!

'खट्' आवाज ऐकून बसवली होती. बटाट्यांचं पोतं पाच-सहा वेळा मागे रेटलं आणि धाडकन सीट खाली! बटाटे घरंगळत पार बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याखाली गेले. मी स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून ओरडलो. खटक्याच्या आत केसासारखा बारीक तडा आहे. आवाज होतो, पण धरत नाही. चूक माझी नव्हती.

लगेच कॉरिनला फोन केला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "टिलीला एकशेतीन ताप आहे. कान दुखतोय. मी डॉक्टरकडे नेतेय."

"बरं, पण ऐक ना, निसटली! खटका बसूनही निसटली! आवाज आला होता, कॉरिन, मी म्हणत होतो ना—"

पलीकडे टिली रडत होती, त्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. मग फोन बंद झाला. तिला मोठा धक्का बसला असणार. एवढे दिवस मनात संशय असेल, तो एकदम दूर झाला.

२१ फेब्रुवारी

कॉरिनने फोन उचलला नाही. बर्नाडीनने उचलला. "ताप उतरलाय," म्हणाली. मी विचारायच्या आधीच.

२७ फेब्रुवारी

धोकादायक वस्तूंच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याकडे फोटोंसकट सगळं पाठवलं होतं. त्यांनी ते आपल्या यादीत सर्वांना दिसेल असं लावलं. आज आर्कन्सासमधून एका बाईचा फोन आला. नाव लोरेटा. तिच्याकडे हीच खुर्ची, हीच हिरवी गादी. तिचा मुलगा डेन सीटसकट मागे पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. तिलाही कंपनीने विचारलं, आवाज ऐकला होता का?

"मी त्याला म्हटलं, बाबा रे, माझ्या घरात तीन पोरं आणि एक कुत्रा आहे, मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही!"

कितीतरी दिवसांनी इतका वेळ कुणाशी बोललो. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

९ मार्च

लोरेटा आता दर दोन-तीन दिवसांनी फोन करते. आणखी चार घरं सापडली. सगळी मिळून सरकारी खात्याच्या मागे लागलोय. तिथल्या बाईंनी खटका तपासायला मागवला. मी बांधून पाठवून दिला.

लोरेटा मधूनच डेनबद्दल सुरू होते. तो आता भुवया उडवतो, भाजी कुत्र्याला देतो, अंघोळीला नेलं की घरभर पळतो. आज म्हणाली, "आणि तुझी टिली? चालायला लागली का?"

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

मला माहीत नाही. आता ती वर्षाची होईल. बहुतेक चालत असेल. कॉरिनला विचारावंसं वाटलं, पण विचारलं असतं तर तिला कळलं असतं, की मला माहीत नाही.

१६ मार्च

टिलीचा वाढदिवस. ग्रीन बेला गेलो. जाताना वाटेत बाहुली घेतली. बर्नाडीनने केक केला होता. टिली चालते. तीन पावलं टाकते, बसते, स्वतःलाच टाळ्या वाजवते. मी उचलायला गेलो तर आजीच्या मानेत तोंड खुपसलं.

"तिला झोप आलीय," बर्नाडीन म्हणाली. टिली मुळीच झोपेत नव्हती.

जेवताना मी सरकारी तपासणीबद्दल सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. टिली बर्नाडीनच्या मांडीवर बसून जेवली. या घरात उंच खुर्ची नाही.

निघताना बर्नाडीन दारापर्यंत आली. "जपून चालव," म्हणाली. मग जरा थांबून, "एव्हरेट, तू आलास की खुर्चीलाच घेऊन येतोस."

"खुर्ची तर घरी आहे," मी म्हटलं.

तिने दार लावून घेतलं. तिला काय म्हणायचं होतं, यावर तासभर विचार करत गाडी चालवली.

२८ मार्च

जाहीर झालं. कंपनी सगळ्या खुर्च्या परत मागवतेय. खटक्याच्या प्लास्टिकमध्ये दोष आहे, खुर्ची ताबडतोब वापरायची बंद करा, असं टीव्हीवर सांगितलं. आवाज आला तरी खटका बसलेला नसतो, असं अगदी स्पष्ट म्हणाले. लोरेटा फोनवर रडली. मी नाही रडलो. मला फक्त कधी एकदा ग्रीन बेला पोचतो असं झालंय. उद्या दूध टाकलं की तडक निघणार.

२९ मार्च

कॉरिन बाहेर गाडीवरचं बर्फ खरवडत होती. बातमी कागदावर छापून नेली होती, ती पुढे केली. तिने वाचली. घडी घालून परत दिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"टीव्हीवर पाहिलंस?"

"नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हॉस्पिटलात तुझा चेहरा पाहिला होता मी. तू तिला निष्काळजीपणे बसवणार नाहीस हे मला कुणी सांगायला हवं का?"

"मग गेलीस का?"

"आठवड्यासाठीच गेले होते, एव्हरेट. तू येशील म्हणून वाट पाहिली. हॉस्पिटलात त्या रात्री ती तुझ्यासाठी रडत होती. तू व्हरांड्यात त्या नर्सला खटका समजावत होतास. नंतर तिला उलट्या झाल्या, तू विचारलं नाहीस. कान फुटला, तू विचारलं नाहीस. मी ताप सांगितला आणि तू ओरडलास, निसटली म्हणून. आनंदाने ओरडलास."

"मी आपल्यासाठी करत होतो."

"तुझ्यासाठी करत होतास. चूक तुझी नव्हती हे तुला ऐकायचं होतं. बरं, नव्हती. आता?"

ती बर्फ खरवडत राहिली. कागद हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. आत खिडकीत टिली बर्नाडीनच्या कडेवर होती. बर्नाडीनने तिचा हात धरून माझ्याकडे हलवला. तो टिलीने हलवलेला नव्हता.

३ एप्रिल

कंपनीला फोन केला. यावेळी बाई होती, फार गोड बोलली. आधी माफी मागितली. मग म्हणाली, पट्टे कापायचे, सीटवर ठळक अक्षरांत 'वापरू नये' असं लिहायचं आणि फोटो पाठवायचा. बदली खुर्ची येईल, नव्या बनावटीची.

"कुठल्या पत्त्यावर पाठवू, सर?"

साधा प्रश्न. मी पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. बाई "सर? सर?" करत राहिली.

"खुर्ची नको," मी म्हटलं.

६ एप्रिल

पट्टे कापले. कात्रीने कापवेनात, दाढीच्या पात्याने कापले. गादीच्या शिवणीत भोपळा वाळून बसलेला होता. इतके दिवस खुर्ची उलटीपालटी केली, खालून-आतून पाहिली, आणि हा कधी दिसला नाही. नखाने काढायला गेलो, मग तसाच राहू दिला.

त्या दिवसाबद्दल पुन्हा लिहायचंय. पहिल्या पानावर लिहिलंय की मी वाटी घ्यायला वळलो. हो. पण नंतर मी तिला उचललं तेव्हा ती दोन्ही मुठींत माझा शर्ट धरून होती. रुग्णवाहिकेतही सोडला नाही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंशी बोलायचं म्हणून मीच तिची बोटं एकेक करून सोडवली. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. सगळे खटक्याचंच विचारत होते. मीही.

फोटो काढून पाठवला. सांगाडा कचऱ्याच्या पेटीपाशी ठेवला. आता सिद्ध करायला काही उरलं नाही. घरात इतकी शांतता आहे, की फ्रीजची घरघर थांबली की दचकायला होतं.

१३ एप्रिल

ग्रीन बेला गेलो. काही बोललो नाही. जमिनीवर बसलो. टिली दुसऱ्या टोकाला ठोकळे मांडत होती. जेवायची वेळ झाली, मी निघालो.

कॉरिनने विचारलं, "एवढंच?"

"हो. पुढच्या शनिवारी येऊ?"

"ये."

२० एप्रिल

पुन्हा तेच. एकदा ती माझ्या बुटाला हात लावून पळाली.

लोरेटाला फोन करून खरं सांगून टाकलं, की टिली चालते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती हसली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. माझा नवरा सहा महिने आमच्या अंगणातली कुंपणं दुरुस्त करत होता. एक तुटलं होतं, त्याने सगळी बदलली. पुरुषांना काहीतरी ठोकायला लागतं."

"मग?"

"मग कुंपणं संपली."

२७ एप्रिल

परतताना तळ्याच्या काठाने आलो. मिशिगन तळ्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगताहेत. घरी आलो तर मिसेस शाँग अंगणात वाफे करत होत्या. टिली कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं: समोरचे चार दात आलेत, कुत्र्याला 'बा' म्हणते, मोजे काढून लपवते, केळं सोलून दिलं तर खात नाही, स्वतः सोलायचं असतं. सांगतच राहिलो. त्या खुरपं टाकून ऐकत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "थंडी फार आहे." थंडी नव्हती.

४ मे

बर्नाडीन चर्चच्या कामाला गेली होती. मी पोचलो तर कॉरिन हातात किल्ल्या घेऊन दारातच उभी.

"मला केस कापून यायचंय. दूध फ्रीजमध्ये आहे." एवढं म्हणाली आणि गेली. पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं नाही. मी सांगणार होतो, थांब, अजून ती माझ्याकडे येत नाही. गाडी निघून गेली.

टिली दारावर थापा मारत रडायला लागली. मी जवळ गेलो तर आणखी मोठ्याने. मग मी तिच्यापासून हातभर अंतरावर पायपुसण्यावर बसलो. ती रडून रडून थकली, खाली बसली, पुन्हा उठली आणि खिडकीकडे धावली. मी बघत होतो. अगदी डोळ्यांसमोर तिचा पाय गालिच्यात अडकला आणि कपाळ खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं.

क्षणभर आवाज नाही. मग तिने सूर लावला. मी उचललं. तिने उचलू दिलं. थंड पाण्याचा कपडा लावला, फेऱ्या मारल्या, तिचं नाक माझ्या खांद्यावर पुसलं गेलं. कपाळावर लालभडक टेंगूळ आलं होतं. कॉरिनला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो: गालिचा दुमडलेला होता, कट्टा टोकदार आहे, मी फक्त हातभर दूर होतो. सगळं खरं होतं.

दार उघडलं. कॉरिनचे केस आखूड झाले होते. तिने टिलीकडे पाहिलं, टेंगूळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पडली," मी म्हटलं. "मी बघत होतो, तरी पडली. आधी रडली नाही, मग खूप रडली. आत्ता पाच मिनिटं झाली गप्प झालीय. डोळे नीट आहेत, उलटी नाही. पाणी प्यायली."

पुढचं जुळवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.

कॉरिनने टेंगळावर अंगठा फिरवला. टिली कुरकुरली आणि माझ्या खांद्यात आणखी शिरली. कॉरिनने तिला माझ्याकडून घेतलं नाही. कोट खुंटीला लावला, किल्ल्या ठेवल्या आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "पुढच्या शनिवारी मला दिवसभर काम आहे. सकाळीच येशील?"

"येईन," मी म्हटलं.